न लावलेला कौल

घाटकोपर
रविवार, ६ ऑक्टोबर १९८५

दादा,

पाया पडतो. वयनीलाही नमस्कार सांगा. समोर असतो तर तुम्हाला अरे-तुरेच केलं असतं, पण थोरल्यांना पत्रात अहो लिहायचं, ही गुरुजींनी लावलेली सवय अजून सुटत नाही.

साडेतीन वर्षांत हे माझं पहिलं पत्र. देवळातली माझी पाळी चुकली, तीही एकदा नाही, सलग तीन वर्षं. दोघांच्या वाट्याची देवपूजा तुम्ही एकट्याने ओढलीत. संपामुळे येता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं सांगायचं तर येता आलं असतं. गिरणी बंद होती, वेळच वेळ होता. रिकाम्या हातांनी गावात शिरायची लाज वाटली. आता अंधेरीला एका कारखान्यात रखवालदार आहे. रविवारी सुट्टी असते. तुमची भावजय रत्नप्रभा बरी आहे.

पत्राचं कारण वेगळं आहे. आमच्या डोंगरावरच्या वस्तीत अडतीस घरं आहेत, बहुतेक आपल्याच बाजूची. निम्म्या घरांत भुशाची शेगडी, निम्म्यांत घासलेटचा स्टोव्ह. घासलेटसाठी रेशनच्या दुकानापुढे सकाळी डबे रांगेत ठेवावे लागतात. माणसांच्या आधी डबे भांडतात असं इथे म्हणतात. आता एका संस्थेची अनुपमा नावाची शिकलेली मुलगी येऊ लागली आहे. ती म्हणते, तुमच्याकडे जे फुकट जातं त्यातूनच जाळ करता येईल. नळी लावायची, सामायिक खोलीत सहा शेगड्या ठेवायच्या. धूर नाही, घासलेट नाही.

फुकट काय जातं, हे लिहायला हात अडखळतो. वस्तीच्या टोकाला सार्वजनिक संडास आहेत. त्यांच्या खाली बंद टाकी बांधायची. आत सगळं कुजतं, त्याची हवा होते, ती हवा जळते. गोबर गॅस तुम्ही ऐकला असेल. हा तसाच, पण जनावरांचा नाही.

तुम्ही आता पत्र खाली ठेवलं असेल. पुन्हा उचला, एवढी विनंती आहे.

प्रश्न असा पडला आहे की त्या जाळावर शिजलेला भात देवापुढे ठेवावा की नाही. इथे कोणी उत्तर द्यायला तयार नाही. तुम्ही रवळनाथाला कौल लावून कळवाल का? होय की नाही, एवढंच. माझ्यावरचा राग तसाच राहू द्या. अडतीस घरांसाठी विचारतो आहे.

तुमचा
काशीराम


घाटकोपर
रविवार, ३ नोव्हेंबर १९८५

दादा,

नमस्कार. पत्र पोचलं असेलच. उत्तर आलं नाही, तुमच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं. पण दिवाळीच्या आत कळलं तर फार बरं होईल. का, ते सांगतो.

पलीकडच्या टेकडीवर तीन वर्षांपूर्वी अशीच टाकी झाली होती. साहेब आले, खड्डा खणला, फोटो काढून गेले. शेगड्या कुठे हव्यात हे कोणी कोणाला विचारलं नाही. त्या अशा जागी बसवल्या की तिथे जायला बायकांना पत्त्यांच्या अड्ड्यासमोरून जावं लागे. एकही बाई गेली नाही. आज त्या टाकीत पावसाचं पाणी आणि बेडूक आहेत. म्हणून या खेपेला अनुपमाने अट घातली आहे. तीस घरांची संमती लेखी हवी, तीही दिवाळीपर्यंत. नाहीतर ती टाकी मुलुंडच्या एका वस्तीला जाईल.

गेल्या रविवारी सभा झाली. आम्ही पुरुष पुढे सरसावलो, पेनं काढली. ती म्हणाली, "काका, पेन खिशात ठेवा. जो रांधतो त्याचीच सही चालेल."

"आमच्या घरात मी सांगतो ते होतं," एक जण म्हणाला.

"मग उद्याचा भात तुम्ही करा आणि परवा सही करा," ती म्हणाली. बायका इतक्या हसल्या की निम्मे पुरुष उठून गेले.

पण बायकांनीही सह्या केल्या नाहीत. आमच्या शेजारच्या द्रौपदीवयनी पदर खोचून उभ्या राहिल्या. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच पत्रा आहे. त्या बोलल्या की आमच्याकडे वेगळा रेडिओ लागत नाही. म्हणाल्या, "भावजींनू, माका एक सांगा. त्या जाळार शिजलेलो भात तुमी तुमच्या देवापुढे ठेवशात काय?"

गुरवाच्या घरात जन्मलेला मी खिशातलं पेन नीट खोचू लागलो.

"तुमचो भाव गावात कौल लावता ना? विचारा त्येका. देवान उजवो दिल्यान तर माझी सही पयली."

मग अनुपमाला कौल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न मोठ्याने विचारायचा. उजवीकडची आधी पडली की होय, डावीकडची पडली की नाही. तिने सगळं नीट वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि एकही पडली नाही तर?" मला हसू आलं. तुम्ही बरोबर असता तर तुम्हालाही आलं असतं.

सभेला अंजनाबाईही होती. मानखुर्दच्या पलीकडच्या कोळीवाड्यातून ती रोज सकाळी पाटी घेऊन वस्तीत येते. वीस वर्षं आम्ही तिच्याच हातचे मासे खातो. पाटी खाली न ठेवताच ती म्हणाली, "जाळ कशाचा ते विचारता? माझा बोय खाता तेव्हा विचारलं का कधी, बोयनं खाडीत काय खाल्लं? देवनारचं गटार कुठं जातं, ठाऊक हाय?"

त्या दिवशी तिची पाटी खपली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांनी पुन्हा घेतले.

तर दादा, आता सगळे रोज मला विचारतात, "पत्र इला काय?" पोस्टमन दिसला की द्रौपदीवयनी दारात येतात. एक ओळ लिहा. नाही असेल तर नाही लिहा.

तुमचा
काशीराम


घाटकोपर
रविवार, १ डिसेंबर १९८५

दादा,

हे पत्र उभ्याने वाचू नका, बसा.

तुमचं उत्तर आलं नाही आणि मी ते आल्याचं सांगितलं.

दिवाळीला दोन दिवस राहिले होते. सह्या अकरा झाल्या होत्या. संध्याकाळी कामावरून आलो तर द्रौपदीवयनी, त्यांची जाऊ आणि आणखी तिघी-चौघी नळावर उभ्या होत्या. "भावजींनू, पत्र?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आलं. उजवा."

एकच शब्द, दादा. त्याला एक क्षणही लागला नाही. त्यांनी हात जोडले. दिवाळीच्या आदल्या दिवशी चौतीस सह्या आणि अंगठे झाले. आता खड्डा खणून झाला आहे, विटा आल्या आहेत, गवंडी गोल टाकी बांधतो आहे. वस्तीतले पुरुष रविवारी माती उपसतात. मीही उपसतो. प्रत्येक घमेल्याबरोबर वाटतं की हे मी देवाच्या नावावर उपसतो आहे.

आबांनी आपल्या दोघांना सांगितलं होतं, कौल डावा असो की उजवा, तो जसा पडला तसा सांगायचा. त्यात आपला श्वाससुद्धा मिसळायचा नाही. तुम्ही पाळलंत. मी श्वासच काय, सगळा कौलच माझ्या घरी बनवला.

आता जे आधी लपवलं ते सांगतो. रत्नप्रभा बरी नाही. दोन वर्षं झाली, तिचा खोकला थांबत नाही. राजावाडी इस्पितळातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. क्षय नाही, देवाची कृपा. ते म्हणाले, धूर बंद करा, औषध त्यानंतर. मी विचारलं, धूर कसा बंद करू? ते म्हणाले, ते मला विचारू नका. घासलेट पुरतं महिन्याचे दहा दिवस. बाकीचे वीस दिवस भुसा. ती शेगडी पेटवायला बसते, तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहतो. तिचा चेहरा बघवत नाही म्हणून. मदत करायची सोडून बाहेर उभा राहतो, हेही लिहून टाकतो.

तुम्हाला आधी हे कळवलं असतं तर तुम्ही कदाचित लगेच उत्तर दिलं असतं. पण ते दया म्हणून आलं असतं. मला ते कौल म्हणून हवं होतं. केवढा हा अहंकार, आणि शेवटी केलं काय!

तुम्ही यावर लिहिलं नाहीत तरी मी समजेन. पण मी कोणाला फसवलं हे निदान एका माणसाला ठाऊक असावं, आणि तो माणूस तुम्हीच असावा, असं वाटलं.

काशीराम


घाटकोपर
रविवार, ९ मार्च १९८६

दादा,

नमस्कार. बरंच लिहायचं आहे.

टाकी जानेवारीच्या शेवटी पुरी झाली. ती नुसती वापरायला लागून भागत नाही. दह्याला लागतं तसं तिला विरजण लागतं. भांडुपच्या तबेल्यातून शेणाच्या काल्याची पिंपं हातगाडीवर आणली. ते आत सोडलं आणि चार-पाच आठवडे थांबलो.

मधल्या काळात शेगड्यांचे वार ठरवायचे होते. अनुपमा म्हणाली, वेळापत्रक तुम्हीच करा. माझं अक्षर बरं म्हणून काम माझ्याकडे आलं. आपल्याकडे देवळाच्या भिंतीवर असतो तसा मी मोठ्या अक्षरांत तक्ता केला. वर लिहिलं "पाळी", खाली नावं आणि वेळा. द्रौपदी, सोमवार सकाळ. रत्नप्रभा, सोमवार दुपार. तक्ता लावून खोलीच्या दारात अभिमानाने उभा राहिलो. एकेक बाई येई, वाचे आणि तोंडात पदर कोंबून पळे. शेवटी रत्नप्रभा आली. म्हणाली, "अहो, चौतीस बायकांची पाळी कधी ते तुम्ही भिंतीवर लावलंत!" दादा, आपण दोघांनी जन्मभर पाळी म्हणजे देवाचीच पाळी मानली. दुसरा अर्थ ध्यानातच आला नाही. तक्ता काढला, "वार" असं लिहून परत लावला. पण वस्तीतल्या बायका अजून मला बघून हसतात. तुम्हाला असलं लिहिणं बरं नव्हे, पण या साऱ्यात रत्नप्रभा पहिल्यांदा खोकला न येता हसली, म्हणून लिहिलं.

गेल्या रविवारी पहिला जाळ करायचा होता. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. नारळ फोडला. अनुपमाने नळीची चावी फिरवली, काडी धरली. काडी विझली. दुसरी धरली, तीही विझली. नळीतून हवा तर येत होती, फुस्स आवाज ऐकू येत होता, पण ती जळेना. उलट काडीच विझवत होती. सहाही शेगड्यांचं तसंच.

कोणीतरी मागून म्हणालं, "वाट लागली!" आणि कोणीतरी हळूच म्हणालं, "देवान उजवो दिलेलो ना?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती. पाषाणासमोर आपण उभे राहतो ना, तसा मी हात जोडून उभा राहिलो आणि सांगितलं. कौल लावलाच गेला नाही. पत्र आलंच नाही. उजवा मी बोललो, देव नाही. देवाने जाळ विझवला असेल तर तो माझ्यासाठी विझवला, तुमचा काही दोष नाही.

मग द्रौपदीवयनी म्हणाल्या, "संपला तुमचा?"

"हो."

"मगे आता माझा ऐका. नळार तुमी उजवो म्हणालात, तेवाच माका कळला. खोटा बोलताना तुमचे कान लाल होतत. ह्या रत्नप्रभेक इचारा."

रत्नप्रभा मान खाली घालून म्हणाली, "होतात."

"मग तुम्ही सही का केलीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला राग आला होता, कोणावर ते सांगता येत नाही.

"हिच्यासाठी! आमच्या मधी एक पत्रो. ही खोकता आनी माझा काळीज हलता. सही करूचा माझ्या मनात आधीच आसलेला. म्हटला तुमच्या देवाक इचारून बघूया, तो माझ्याबरोबर आसा काय. माका तेचो आधार व्हयो होतो. माका सवाल नव्हतोच."

द्रौपदीवयनींची जाऊ म्हणाली, "माझाय तसाच." आणखी कोणी काय म्हणालं ते मला ऐकू आलं नाही.

सगळ्यांचं तसं नव्हतं, हेही लिहायला हवं. दोन घरांनी तिथल्या तिथे नावं मागे घेतली. त्यातल्या एका आजींनी केवळ कौलावर अंगठा दिला होता. त्या माझ्याशी अजून बोलत नाहीत. दिसल्या की मी नमस्कार करतो, त्या दुसरीकडे बघतात. त्यांचं बरोबर आहे.

एवढं सगळं चाललं असताना अनुपमा खाली बसून वही चाळत होती. ती उठली आणि ओशाळून म्हणाली, "काका, सॉरी. यात देवाचा हात नाही, माझा आहे. पहिली हवा जळत नाही, ती बाहेर सोडून द्यायची असते. आम्हाला शिकवलं होतं, मी घाईत विसरले."

अंजनाबाई दारातून ओरडली, "मग सोड ना बाय! काकाला उगाच रडवलंस!"

हवा दोन दिवस सोडली. बुधवारी सकाळी पुन्हा काडी धरली. आवाज झाला नाही, धूर झाला नाही. निळी कडी उमटली, पणतीच्या ज्योतीएवढ्या लहान लहान ज्योतींची. बघता बघता रत्नप्रभा पुढे झाली आणि दोन्ही हात त्या जाळावर धरून डोळ्यांना लावले. आरती घेतात तसे. मी तिला काही सांगितलं नव्हतं. मग तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, रांगच लागली.

"आरत्या कसल्यो घेतात गो!" द्रौपदीवयनी म्हणाल्या. "चाय ठेवा. पोरां शाळेत जावची आसत."

दादा, तुम्ही उत्तर दिलं नाहीत, त्याबद्दल मी तुमचे आभार मानतो. टोमणा समजू नका. उजवा आला असता तर आम्ही देवामागे लपलो असतो, डावा आला असता तर तिची शेगडी तशीच धुमसत राहिली असती. तुम्ही गप्प राहिलात म्हणून माझ्या शेजाऱ्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं. वीस वर्षं मधे एक पत्रा होता आणि मला ठाऊक नव्हतं.

नैवेद्याचं मी अजून ठरवलेलं नाही. तो घरच्या स्टोव्हवर करतो.

तुमचा
काशीराम


घाटकोपर
रविवार, २० एप्रिल १९८६

दादा,

नमस्कार. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. अक्षर बघून पोस्टमनसमोरच खाली बसलो. तो म्हणाला, "वाईट बातमी आहे काय?" मी म्हटलं, नाही रे, भाऊ आहे.

पत्र चार वेळा वाचलं. रत्नप्रभेला मोठ्याने वाचून दाखवलं. ऑक्टोबरात माझं पहिलं पत्र मिळाल्यावर तुम्ही पुढच्याच सोमवारी अंघोळ करून कौलाला उभे राहिलात, हे मला ठाऊक नव्हतं. मी सहा महिने समजत होतो की तुम्ही पत्र फाडून टाकलं. पाकळ्या चिकटवल्यात, गाऱ्हाणं घातलंत आणि प्रश्नाशी येऊन अडलात. "देवासमोर संडास हा शब्द कसा उच्चारू? आजवर त्या गाभाऱ्यात कोणी उच्चारला नसेल. तीन सोमवार उभा राहिलो, तिन्ही वेळा पाकळ्या काढून घेतल्या. तू शहरात राहिलेला, एखादा बरा शब्द सुचव असं लिहिणार होतो, पण आपलं बोलणं बंद होतं." हे वाचताना रत्नप्रभा हसता हसता रडायला लागली. मीही. दादा, मलाही पहिल्या पत्रात तो शब्द लिहायला चार कागद लागले होते. दोघे एकाच आईच्या पोटचे.

तुम्ही दिलेली शिक्षा मान्य आहे. यापुढे मी कौलाला हात लावायचा नाही, आणि माझ्यामागे माझ्या वंशातल्या कोणीही नाही. आबांनी हेच केलं असतं. आपल्या घराण्यात सात पिढ्यांनी केलं ते माझ्या बाजूला माझ्यापाशी थांबलं. रडगाणं गात नाही, तुम्ही विचारलंत की मनापासून मान्य आहे का, म्हणून लिहिलं. मनापासून मान्य आहे. त्याच पत्रात "वैशाखातल्या तुझ्या पाळीला ये, झाडलोट आणि पाणी भरणं तुझ्याकडे" असं लिहिलंत, त्याचे उपकार कसे फेडू? मी रजा टाकली आहे. रत्नप्रभाही येते. आता ती चढण चढू शकेल असं डॉक्टर म्हणाले. खोकला पूर्ण गेलेला नाही, पण सकाळी उठून ती आता गाणं गुणगुणते. द्रौपदीवयनी पत्र्यापलीकडून सूर चुकला की सांगतात.

तुमच्या पत्राच्या खाली वेगळ्या अक्षरात दोन ओळी होत्या. वयनीला लिहिता येतं हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. "भावजी, हयसर असा काय करूक येत? माझ्या डोळ्यांक आता चुलीकडचा दिसत नाय."

हे तुम्ही मला कळवलं नव्हतंत. मीही रत्नप्रभेचं कळवलं नव्हतं. एवढंच म्हणतो.

वयनीला सांगा, येतं. आपल्याकडे तर सोपं आहे, शेणावरच होईल, शब्द शोधायला नको. अनुपमाला विचारलं. ती म्हणाली, एका घरापुरती लहान टाकी चार-पाच जनावरांवर चालते, पण जनावरं घरची आणि पाणी जवळ हवं. तिने मला कागदावर चित्र काढून दिलं आहे, मापांसकट. ते घेऊन येतो. वाडीतल्या इतर बायकांनाही बोलावून ठेवा. आधी त्यांना विचारू, मग खणू.

तुमच्या गोठ्यात सध्या किती जनावरं आहेत, ते उलट टपाली कळवा. हे देवाला विचारू नका. तुम्हीच सांगा.

तुमचा
काशीराम